गॅलनबाईंची सुई

एका सकाळी मी कोणाच्याही मदतीशिवाय एकतीस लाख लिटर पाणी निर्माण केलं. विहीर खणली नाही, ढग आणले नाहीत. फक्त खडू हातात घेतला.

गावाच्या पाणीखात्यात मी फळ्यावरचा माणूस. हुद्दा लांबलचक आहे, पण काम एवढंच, की कचेरीच्या दारातल्या फळ्यावर रोज 'आजचे पाणी' लिहायचं. पूर्वी एकच ओळ असायची. नवे साहेब आले आणि म्हणाले, दोन ओळी लिहा; नदीवरच्या पंपघराने किती पाणी उचललं आणि शुद्धीकरण केंद्रात किती पोचलं. वाटेत काही सांडत नाही, हे लोकांना दिसू दे. आणि दोन्ही आकडे लिटरमध्ये लिहा, गॅलन आता कोणाला कळतो.

केंद्राचा आकडा लिटरमध्येच येतो. पंपघराचा येतो गॅलनमध्ये, कारण तिथला डायल गॅलनच्या जमान्यातला आहे. त्याची सुई चारवर उभी असते, आणि चार म्हणजे दिवसाला चाळीस लाख गॅलन. मी फोनला विचारलं, एका गॅलनचे लिटर किती. तो म्हणाला, तीन पूर्णांक सातशे पंच्याऐंशी. मी गुणाकार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: नदीतून उचललेले पाणी, एकशे एक्कावन्न लाख लिटर. खाली लिहिलं: केंद्रात पोचलेले पाणी, एकशे ब्याऐंशी लाख लिटर. अक्षर इतकं देखणं आलं होतं की मी दोन पावलं मागे सरकून ते न्याहाळलं. आकडे न्याहाळले नाहीत.

फोनचा दोष नव्हता. जगात गॅलन दोन आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. नाव एक, अंगकाठी वेगळी. अमेरिकन गॅलन सडपातळ, पावणेचार लिटरांच्या आसपास. इंग्रजी गॅलन खात्यापित्या घरचा, साडेचार लिटरांच्याही थोडा वर. आमचा डायल इंग्रजी. मी हिशेब केला अमेरिकन. त्यामुळे नदीतून निघालेलं पाणी केंद्रात पोचेपर्यंत पाइपात एकतीस लाख लिटरने वाढलं.

दुपारी न्हाव्याकडे गेलो, तर त्याने माझ्या गालाला साबण लावता लावता विचारलं, "तुमच्या पाइपात पाणी वितं म्हणे? आमच्या नळाला एखादं पिल्लू पाठवा की." संध्याकाळपर्यंत फळ्यापुढे गर्दी जमली होती आणि त्या गर्दीत नागरिक समितीचे एक चष्मेवाले गृहस्थ होते. हे गृहस्थ वाईट नाहीत. फक्त त्यांना प्रत्येक आकडा संशयित दिसतो, आणि संशयितांना ते नीट बसवून घेऊन विचारपूस करतात. त्यांनी फळा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि निकाल दिला, "पाणी वाढत नसतं. पंपघराचा डायल मंद झालाय. खरं पाणी जास्त आहे, तो कमी दाखवतोय. कधीपासून, देव जाणे."

तेवढ्यात माझ्या फोनवर मामीचा निरोप आला. निरोपात एकच अक्षर होतं. "ये."

पंपघराची ऑपरेटर म्हणजे माझी मामी. खात्यात तिला समोर 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'गॅलनबाई'. पाठीमागचं नाव तिला माहीत आहे आणि आवडतं.

मी तिच्या घरी गेलो तेव्हा मामा बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसला होता. मामा शिंपी आहे. त्याने मान वर न करता बोटाने आतली दिशा दाखवली आणि म्हणाला, "जा. मी काही मधे पडणार नाही. मला अजून एक बाही लावायची आहे."

स्वयंपाकघरात ओट्यावर वजनाचा काटा होता आणि शेजारी मामीचं पितळी गॅलनचं माप. खात्याचं भांडार लिटरवर गेलं तेव्हा ते भंगारात निघालं होतं; मामीने रीतसर मागून घरी आणलं. काठावर शिक्का आहे, आणि काठोकाठ भरलं की बरोबर एक गॅलन. ह्या घरात आंघोळीचं पाणीसुद्धा त्याच मापाने निघतं. पाहुण्याला दोन गॅलन, मामाला दीड, कारण "तुम्हाला टक्कल आहे."

"रिकामं वजन कर," मामी म्हणाली.

मी केलं.

"आता भर. काठोकाठ. सांडवू नकोस, पाणी आहे ते, तुझा फळा नाही."

भरलं. काट्यावर ठेवलं. रिकाम्या मापाचं वजन वजा केलं, तर उरलं साडेचार किलो आणि वर चिमूटभर.

"एक लिटर पाण्याचं वजन किती?"

"एक किलो."

"मग हे किती लिटर?"

"साडेचार. आणि थोडं."

"आणि फळ्यावर तू किती धरलेस?"

"पावणेचार."

मामीने मापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग वरचं पाऊण लिटर कोण प्यायलं, तू?"

बाहेरून मामाचा आवाज आला, "लहानपणापासून त्याला तहान जास्तच."

आता मामीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण लोकांना वाटतं ती फक्त ओरडते.

ती तंत्रशाळेतून पहिल्या वर्गात पास होऊन पंपघरात आली तेव्हा तिथे बायका फक्त डबा घेऊन यायच्या. जुन्या हेड ऑपरेटरांनी तिला डायलसमोर उभं केलं आणि विचारलं, "काय दिसतंय?" ती म्हणाली, "सुई चारवर आहे." ते म्हणाले, "अजून बघ." ती बघत राहिली. मग म्हणाली, "सुई थरथरते आहे, पण दोन्ही बाजूंना सारखी." त्यावर ते म्हणाले, "उद्यापासून ये." ही हकीकत मी मामीकडून इतक्या वेळा ऐकली आहे की ती चुकली तर मी दुरुस्त करू शकतो. विनय ही गोष्ट मामीने कधी घरात आणली नाही. तिला आपल्या कामाचा गर्व आहे आणि तो गर्व ती डायलच्या काचेसारखा रोज मऊ फडक्याने पुसते.

तो डायल म्हणजे पितळी काठाचा, जेवणाच्या ताटापेक्षा मोठा, पांढरी तबकडी आणि लांब काळी सुई. मुख्य पाइपातून पाणी ज्या जोराने जातं त्या जोरावर ती सुई हलते. खात्यातलं बाकी सगळं काळाबरोबर बदललं. पाइप इंचातून मिलिमीटरमध्ये गेले, दाब पौंडातून किलोत गेला. डायल राहिला, कारण तो बिघडत नव्हता, आणि न बिघडणाऱ्या वस्तूकडे सरकारी खात्याचं लक्ष जात नाही.

मामी ज्या पिढीतली, तिने निमकी, दिडकी, अडीचकी असे पाढे तोंडपाठ केले. मामीने त्यात स्वतःची साडेचारकी घातली. गॅलनचे लिटर करायचे तर साडेचारपट करायची आणि शेकड्याला एक वर टाकायचा. चाळीस लाखांची साडेचारपट एकशे ऐंशी लाख. शेकड्याला एक म्हणजे पावणेदोनच्या थोडा वर. झाले एकशे ब्याऐंशी लाख लिटर. यंत्राने कराल तर दशांशाच्या पुढे कुठेतरी जरासा फरक येईल, बस. भाजी चिरताना ती हे करते.

रोज सकाळी तिचा केंद्रावर फोन असतो. तिथले ऑपरेटर म्हणजे लिटरशेठ. ते लिटरवाले, ही गॅलनवाली, आणि दोघांत एक रीत आहे. आपला आकडा आपण सांगायचा, पण समोरच्याने तो आपल्या भाषेत फिरवून परत म्हणायचा. मामी म्हणते, "चाळीस." लिटरशेठ म्हणतात, "एकशे ब्याऐंशी." मग ते आपल्या मीटरचा आकडा सांगतात आणि मामी त्याचे गॅलन करून परत म्हणते. लिटरशेठांची उलटी किल्ली सोपी आहे, शंभर लिटरांचे बावीस गॅलन. दोघांचं पटलं की दोघंही "जमलं" म्हणून फोन ठेवतात. एवढी वर्षं हे चाललंय आणि मला वाटतं, दोघांच्याही घरी एवढा नेमाने संवाद नसावा.

दुसऱ्या दिवशी मी फळा दुरुस्त केला. वर एकशे ब्याऐंशी, खाली एकशे ब्याऐंशी. वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण चष्मेवाले गृहस्थ आधीच हजर होते.

"काल एकशे एक्कावन्न," ते म्हणाले, "आज एकशे ब्याऐंशी. उद्याचा भाव काय?"

मी दोन गॅलनांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग ते साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तो डायल खरा आहे, हे शेवटचं कधी तपासलं?"

साहेबांनी मामीला बोलावलं. मी दारात उभा होतो. साहेबांनी तोच प्रश्न सौम्य आवाजात विचारला.

"मी आल्यापासून नाही," मामी म्हणाली.

"पण केंद्राच्या मीटरशी रोज जुळतोच ना," साहेब म्हणाले. "तो काय कमी पुरावा आहे?"

आता इथे मामी गप्प बसली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण ती म्हणाली, "साहेब, केंद्राचा मीटर बसवला तेव्हा तो माझ्या डायलवरून लावून घेतला होता. मी शिकवलेला साक्षीदार आहे तो. माझ्याच बाजूने बोलणार."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. त्यांना आपलं काम दुसरं कोणी करतंय याची सवय नव्हती.

साहेब म्हणाले, नवा विजेवरचा मीटर पंपघरात येणारच आहे. डायल काढून टाकू, वाद संपेल. आणि मग मामी जे बोलली ते मी आजही तिच्या आवाजात ऐकतो.

"काढा ना. पण आधी मोजा. खोटा निघाला तर मी स्वतः उतरवून देते. न मोजता काढलात, तर मी इतकी वर्षं सांगितलेला एकेक आकडा कायमचा संशयात राहील. त्यापेक्षा खोटा ठरलेला परवडला."

मोजण्याची पद्धत तिनेच सांगितली, साहेबांनाही ती पसंत पडली. केंद्रात पाणी पहिल्यांदा एका मोठ्या चौकोनी टाकीत पडतं. तिची लांबी चाळीस मीटर, रुंदी पंचवीस. टाकीतून बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, गावाला तेवढा वेळ उंचावरच्या टाकीतलं पाणी द्यायचं, आणि एक तास नदीचं पाणी नुसतं आत घ्यायचं. टाकी खोटं बोलत नाही. पाणी एक सेंटिमीटर चढलं म्हणजे दहा हजार लिटर आले. सुई खरी असेल तर तासात पाणी शहात्तर सेंटिमीटर चढेल, त्याला दोन रेषा, म्हणजे दोन मिलिमीटर, कमी. शेकड्याला दोनपर्यंत फरक पडला तर डायल पास. त्याहून जास्त पडला तर भंगार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, तर मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काल आणि आज ती माझ्याशी एकदाही भांडली नाही. डॉक्टरला दाखवू का?"

"काळजीत आहे ती, मामा."

"ते दिसतंय मला. मी मुद्दाम ओल्या पायांनी स्वयंपाकघरात फिरून आलो. काही नाही. म्हणाली, 'जपून, घसराल.'"

मामा हादरलेला होता. म्हणून की काय, टाकीची पट्टी त्याने स्वतः बनवून दिली. लाकडाची एक सरळ फळकुटी रंधून घेतली आणि तिच्यावर आपली नवी कोरी टेप ताणून चिकटवली, मधे टाचण्या ठोकून. शिंप्याच्या टेपला एका बाजूने इंच आणि दुसऱ्या बाजूने सेंटिमीटर असतात. "कापड मीटरवर येतं आणि माणूस इंचात येतो," मामा म्हणाला, "आमच्या धंद्यात हे भांडण पहिल्यापासून आहे. आम्ही कधी फळ्यावर लिहिलं नाही इतकंच."

मामीने ती पट्टी घेतली आणि लोखंडी फुटपट्टीला लावून टोकापासून टोकापर्यंत तपासली.

"माझ्या टेपवर संशय?" मामा म्हणाला.

"माझ्या डायलवर घेतात, मग तुमच्या टेपने काय पुण्य केलंय?"

मामाचा चेहरा उजळला. "येतेय," तो माझ्या कानात म्हणाला, "हळूहळू ताळ्यावर येतेय."

परीक्षेच्या दुपारी साहेब स्वतः पंपघरात डायलसमोर बसले, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. मामी केंद्रावर टाकीपाशी आली. आयुष्यभर ती सुईजवळ राहिली आणि नेमकी सुईच्या परीक्षेला लांब. परीक्षेच्या खोलीबाहेर उभी राहिलेली आई असते तशी ती दिसत होती. लिटरशेठ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. चष्मेवाले गृहस्थ आले होते. मामा आपली टेप काय दिवे लावते ते बघायला दुकान बंद करून आला होता.

पाण्यावर लाटा असतात, त्यात पट्टी वाचता येत नाही. त्यासाठी बूड कापलेली एक प्लास्टिकची बादली शिडीला बांधून अर्धी पाण्यात सोडली होती; पाणी चढेल तशी ती वर सरकवायची होती. बादलीच्या आत पाणी निवांत असतं. पट्टी बादलीत उभी केली आणि शिडीवर मला चढवलं, कारण मामीच्या मते "पाणी ह्यानेच वाढवलं होतं, आता किती वाढतं ते ह्यानेच बघावं."

लिटरशेठांनी बाहेरचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. मामीने फोनवर साहेबांना विचारलं, "सुई?" साहेब म्हणाले, "चारवर." आणि घड्याळ सुरू झालं.

पाणी चढताना पाहणं हे काम वाटतं तितकं रोमहर्षक नाही. मामाने सगळ्यांना शेंगदाणे वाटले. चष्मेवाल्यांनी आधी नको म्हणून मग सगळ्यांत जास्त खाल्ले. मामी कठड्याला टेकून उभी होती आणि दर थोड्या वेळाने फोनवर तोच प्रश्न विचारत होती, आणि तेच उत्तर येत होतं. एकदा तिने मला हळूच विचारलं, "मी सुईवर विश्वास ठेवला. पण सुईला कोण विचारत होतं रे?" मी वाकून पट्टी पाहिली. शिडीवर उभ्या माणसाला तेवढंच सुचतं.

तास संपला. मी वाकून पट्टी वाचली. पुन्हा वाचली.

"साडेचौऱ्याहत्तर," मी म्हणालो.

शहात्तरला दीड कमी. लिटरशेठांनी मनातल्या मनात भाग दिला, ओठ हलवले आणि हात वर केला. "दोनच्या आत आहे. बाई, पास." फोनवरून साहेबांचा आवाज आला, "अभिनंदन, बाई." चष्मेवाले गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "मी माझा आक्षेप मागे घेतो," आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडताना त्यांना किती कष्ट झाले ते सगळ्यांनी पाहिलं. मामाने टाळी वाजवली. मीही शिडी धरलेल्या हाताने जमेल तेवढी वाजवली.

मामी हलली नाही.

"उरलेलं पाणी कुठे गेलं?" ती म्हणाली.

"अहो बाई, जाऊ द्या की," लिटरशेठ म्हणाले. "पदरात पडलंय ना?"

"त्या दोन रेषा सोडल्या तरी एका तासात तेरा हजार लिटर कमी पडलंय. सुई जास्त सांगते, किंवा पाणी कुठेतरी गेलंय. दोहोंतलं एक."

मी शिडीवरून उतरून तिच्याजवळ गेलो. "मामी," मी कुजबुजलो, "पास झालीस. आता परत मोजायला लावलंस आणि पट्टी अजून खाली आली, तर हातातलं जाईल. डायल भंगारात जाईल."

"मग जाऊ दे. काठावर पास झालेला डायल मला भिंतीवर नको."

ती व्हॉल्व्हच्या खड्ड्याकडे गेली. तिथे एक लाकडी काठी असते. तिचं एक टोक लोखंडाला टेकवायचं आणि दुसरं कानाला. आत पाणी वाहत असेल तर आवाज येतो. खात्यात आता त्यासाठी यंत्र आहे, पण ते कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली रजेवर आहे. मामीने काठी टेकवली, डोळे मिटले. आम्ही सगळे शेंगदाणे चावायचे थांबलो.

तिने काठी लिटरशेठांच्या हातात दिली. त्यांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा शाळेत पकडलेल्या मुलासारखा झाला.

"सूं सूं करतोय," ते म्हणाले.

"तुमचा व्हॉल्व्ह आहे," मामी म्हणाली.

"माझाच आहे."

"नीट मिटत नाही."

"मिटवतो, बाई."

लिटरशेठ आणि मामा, दोघे मिळून त्या चाकावर लटकले. अर्धा फेरा अजून बसला. मामीने पुन्हा कान लावला आणि मान हलवली. मग पट्टी वर सरकवून बांधली, मी पुन्हा शिडीवर चढलो आणि साहेबांना पंपघरात आणखी एक तास सुईसमोर बसावं लागलं. त्यांनी फोनवर विचारलं, "बाई, चहा तरी कुठे ठेवता?" मामीने सांगितलं, "डायलच्या खालच्या खणात. साखर घालू नका, उंदीर येतात." अख्ख्या दुपारीत ती पहिल्यांदा हसली ती इथे.

पण तास संपत आला तसं तिचं हसू गेलं. पहिल्या वेळी तिच्यापाशी हरायला थोडी जागा होती. ह्या वेळी गळतीचं कारणही हातात उरलं नव्हतं. आता जे येईल ते सुईचं. तिने पाण्याकडे पाठ केली आणि मामाच्या शर्टाचं एक लोंबतं बटण बघत उभी राहिली.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. चुकू नये म्हणून टाचणीच्या खुणेपासून रेषा मोजल्या. मग म्हणालो, "साडेपंचाहत्तर."

शहात्तरला दोन रेषा कमी पडायच्याच होत्या; त्या सोडल्या तर फक्त तीन रेषांचा फरक. तीन मिलिमीटर. लिटरशेठ ओठ हलवून भागाकार करायला लागले आणि मधेच सोडून दिला, कारण शेकड्याला अर्धासुद्धा भरत नव्हता. त्यांनी सवयीने आणि मोठ्या आवाजात म्हटलं, "जमलं."

"जमलं," मामी म्हणाली.

चष्मेवाल्यांनी ह्या वेळी आक्षेप मागे घेतला नाही, कारण तो आधीच घेऊन झाला होता. त्यांनी मामीसमोर दोन्ही हात जोडले आणि विचारलं, "ती तीन रेषांची चूक?"

"वय झालंय त्याचं," मामी म्हणाली. "तुम्ही सकाळी उठता तेव्हा तीन रेषा वाकलेले नसता का?"

परतीच्या वाटेवर मामा आणि मामी माझ्यापुढे चालत होते आणि भांडत होते. विषय होता, ओल्या पायांनी स्वयंपाकघरात कोण फिरलं. मामाची चाल इतकी हलकी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. त्याला गाठून मी म्हणालो, "मामा, आज तुला कसं वाटतंय?" तो म्हणाला, "ह्या बाईबरोबर रस्त्याने चालताना आज मला वाटतंय, मी मधोमध चालावं."

नवा मीटर पंपघरात बसला. त्याच्या शेजारी, जराही न हलवता, जुना डायल राहिला. साहेबांनी लेखी हुकूम काढला: दोन्ही आकडे रोज घ्यावेत आणि एकमेकांशी ताडून पाहावेत. नवा लिटरमध्ये बोलतो, जुना गॅलनमध्ये, आणि मामी मधे दुभाषी. लिटरशेठांनी व्हॉल्व्ह बदलून घेतला. मी फळ्यावर दोन ओळी लिहितो आणि खडू ठेवण्याआधी आता आकडेही पाहतो.

मला वाटलं, एवढ्यावर भागू नये. मी एक पितळी पाटी कोरून घेतली, डायलखाली लावायला. मजकूर मीच लिहिला, चार वेळा खोडून. "ह्या डायलने इतकी वर्षे रोज चाळीस लाख गॅलन पाणी मोजले. परीक्षेत तो खरा ठरला. त्याला खरे ठेवणाऱ्या बाईंचा खात्याला अभिमान आहे." साहेब आले, लिटरशेठ आले, चष्मेवाले आले आणि त्यांनी पाटीच्या कडा सरळ आहेत का हे पाहून घेतलं. मामा नवा शर्ट घालून, हातरुमाल हाताशी ठेवून उभा होता. रुमाल स्वतःसाठीच होता, हे त्याच्या डोळ्यांकडे पाहून कळत होतं.

मी स्क्रू आवळले आणि बाजूला झालो.  मामी पुढे आली. तिने चष्मा लावला, पदराने पाटीवरचा माझ्या बोटाचा ठसा पुसला आणि ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. तिचा हात पाटीवरून डायलच्या काठावर गेला आणि तिथे थोडा वेळ राहिला. मामाने रुमाल काढला. 

"मामी," मी म्हणालो, "कशी झालीय?"

"कुठला गॅलन, ते लिहिलं नाहीस."